निष्क्रिय खात्यातील शिल्लक : ‘फोर सीझन्स’ गायकवृंदाच्या दुर्लक्षित ध्वनिमुद्रिका

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्यास निष्क्रिय खाते ही काही नवी गोष्ट नाही. ज्या खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने देवघेव केली नाही, ते खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे असेच पडून राहिले, तर २०१४ साली सुरू झालेल्या योजनेनुसार त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. परंतु पुष्कळांना हे ठाऊक नसते की, रक्कम वर्ग झाली तरी खातेदाराचा हक्क बुडत नाही. उद्या त्याचा वारस योग्य कागदपत्रे घेऊन आला, तर ती त्याला मिळते. व्यवहार थांबला म्हणून शिल्लक नाहीशी होत नाही.

हा नियम कलेच्या क्षेत्रातही लागू पडतो, असे आमचे मत आहे. एखादी ध्वनिमुद्रिका बाजारात आली, खपली नाही आणि दुकानदाराने ती मागच्या फळीवर सारली, तर लोक म्हणतात, ‘पडली’. पण पडली म्हणजे नेमके काय झाले? त्यातील सूर कमी झाले काय? गायकाचा आवाज बिघडला काय? यांपैकी काहीच झालेले नसते. केवळ व्यवहार थांबलेला असतो. पुढे कोणीतरी वारस येतो आणि शिल्लक मागतो. असाच एक प्रसंग अमेरिकेतील ‘फोर सीझन्स’, म्हणजे ‘चार ऋतू’, या जुन्या गायकवृंदाच्या बाबतीत घडला. किंबहुना एकदा नव्हे, अनेकदा घडला. तो विद्यार्थी मित्रांना समजावून सांगावा, हाच या लेखाचा उद्देश आहे.

हा विषय आम्हांस सुचला तो एका साध्या निमित्ताने. २०२१ साली आमच्या शाखेतील एका तरुण सहकाऱ्याच्या मोबाईलवर एक इंग्रजी गाणे सारखे वाजत असे. ‘मानेस्किन’ या इटालियन तरुणांच्या बँडचे हे नवे गाणे आहे, असे त्याने सांगितले. आम्ही म्हणालो, “बाळा, हे गाणे तुझ्या वडिलांच्या जन्माच्याही आधीचे असेल.” त्याला ते पटेना. आमच्या महाविद्यालयीन दिवसांत फुटपाथवरून घेतलेली एक कॅसेट घरी होती. ती शोधून काढली व त्याला दाखविली. गाण्याचे नाव ‘बेगिन’, साल १९६७, गायक फोर सीझन्स. त्यानंतर त्याने आम्हांस एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, “साहेब, एवढे चांगले गाणे मधली इतकी वर्षे होते कुठे?” त्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर देता देताच हा लेख तयार झाला.

चौघे कोण होते?

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात न्यूआर्क नावाचे औद्योगिक शहर आहे. तेथील गरीब इटालियन वस्तीत फ्रान्सिस कॅस्टेलुचो या मुलाचा जन्म ३ मे १९३४ रोजी झाला. सरकारी घरकुलांच्या वसाहतीत तो वाढला. पोटासाठी त्याने केशकर्तनाचे काम शिकून घेतले, आणि गाण्याची आवड जोपासली. पुढे त्यानेच फ्रँकी व्हॅली हे नाव धारण केले. १९५३ साली त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. ती कोणाच्या लक्षातही आली नाही. १९५६ साली ‘फोर लव्हर्स’ या नावाच्या चौकडीतून थोडेसे नाव झाले, पण तेवढ्यावरच थांबले. पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून खऱ्या यशापर्यंत नऊ वर्षे गेली, ही गोष्ट परीक्षेत एकदा अपयश आले म्हणून खचणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

चौकडीतील दुसरा टॉमी डिव्हिटो. हा गिटार वाजवी व मधल्या पट्टीत गाई. तिसरा निक मॅसी. याचा आवाज खर्जाचा. आणि चौघांचे आवाज एकमेकांत कसे बसवायचे, याची जाण मोठी. चौथा बॉब गॉडिओ, वयाने सर्वांत लहान, जन्म १९४२ चा. हा पियानो वाजवी व गाणी रची. न्यू जर्सीतील युनियन या गावी एका बोलिंगच्या क्रीडागृहात त्यांना गाण्याचे काम मिळाले नाही. पण त्या क्रीडागृहाचे ‘फोर सीझन्स’ हे नाव मात्र त्यांनी उचलले. नकार मिळालेल्या जागेचेच नाव घेऊन ही मंडळी पुढे जगभर गाजली!

यांच्याबरोबर पाचवा मनुष्य होता तो निर्माता बॉब क्रू. गॉडिओचे शब्द व चाल, क्रूची ध्वनिमुद्रणातील कल्पकता आणि व्हॅलीचा आवाज या तिघांच्या मेळातून १९६२ साली ‘शेरी’ हे गाणे निघाले. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ या व्यावसायिक साप्ताहिकाच्या क्रमवारीत ते पाच आठवडे पहिल्या स्थानावर राहिले. पाठोपाठ ‘बिग गर्ल्स डोन्ट क्राय’ आणि १९६३ साली ‘वॉक लाईक अ मॅन’ ही गाणीही पहिल्या क्रमांकावर गेली.

त्यांच्या गाण्याचे वैशिष्ट्य

येथे थोडे थांबून दोन गोष्टी समजून घेऊ. आपल्याकडे समूहगान म्हणजे सर्वांनी एकच चाल एकाच वेळी म्हणणे. पाश्चात्य गायकवृंदात तसे नसते. एकाच क्षणी चौघे चार निरनिराळे स्वर लावतात, व ते स्वर एकमेकांना धरून असतात. त्यास हार्मनी म्हणतात. न्यूआर्क, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया या शहरांतील गरीब मुले, त्यांतही प्रामुख्याने कृष्णवर्णीय मुले, वाद्ये घेण्यास पैसे नसल्यामुळे गल्लीच्या कोपऱ्यावर उभी राहून केवळ तोंडाने अशी गाणी म्हणत. तोंडानेच ठेका धरीत आणि तोंडानेच वाद्यांचा आभास निर्माण करीत. या प्रकाराला पुढे ‘डू-वॉप’ असे नाव पडले. फोर सीझन्सची पाळेमुळे या गल्लीतल्या गाण्यात आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे फॉल्सेटो. पुरुषाने आपल्या स्वाभाविक आवाजाची मर्यादा ओलांडून बारीक, उंच स्वर लावणे, याला फॉल्सेटो म्हणतात. तो बहुधा पातळ व नाजूक लागतो. व्हॅलीचा मात्र तसा नव्हता. तो टोकदार, धारदार लागे. शिवाय क्रू तोच आवाज दोनदा मुद्रित करून एकावर एक बसवी, त्यामुळे तो लहानशा रेडिओवरही खणखणीत ऐकू येई. हीच त्यांची ओळख झाली आणि पुढे हीच ओळख त्यांच्या आड आली. ती कशी, ते पुढे पाहू.

आणखी एक नोंद करणे आवश्यक वाटते. या गोऱ्या मुलांच्या पहिल्या यशस्वी ध्वनिमुद्रिका ज्या कंपनीने काढल्या, ती ‘व्ही-जे’ कंपनी कृष्णवर्णीयांच्या मालकीची होती. व्हिव्हियन कार्टर आणि जेम्स ब्रॅकन या दांपत्याने १९५३ साली इंडियाना राज्यातील गॅरी या पोलाद कारखान्यांच्या गावी ती सुरू केली व पुढे शिकागोत नेली. मोठ्या गोऱ्या कंपन्यांच्या बाजारात कृष्णवर्णीयांनी उभी केलेली ही संस्था काही काळ इतकी भरभराटीस आली की, अमेरिकेत बीटल्सच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकाही तिनेच काढल्या. दुर्दैवाने हिशेब सांभाळता आला नाही. मानधनाच्या वादातून १९६४ च्या सुरुवातीस फोर सीझन्स ‘फिलिप्स’ कंपनीकडे गेले, आणि १९६६ साली व्ही-जे दिवाळखोरीत निघाली. माल उत्तम, मागणी भरपूर, आणि तरीही संस्था बुडाली. संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने यातून धडा घ्यावा.

१९६४ साली बीटल्सची लाट आली व त्या लाटेत अनेक अमेरिकन गायक वाहून गेले. फोर सीझन्स टिकून राहिले. त्याच वर्षी ‘रॅग डॉल’ हे त्यांचे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. न्यूयॉर्कमध्ये सिग्नलला थांबलेल्या गाडीची काच पुसणारी एक गरीब मुलगी गॉडिओने पाहिली; खिशात सुटे नव्हते म्हणून त्याने तिच्या हाती मोठी नोट ठेवली. त्या मुलीचा चेहरा त्याच्या मनातून जाईना, त्यातून ते गाणे जन्मले.

दुर्लक्ष का झाले?

आता मुख्य विषयाकडे वळू. ज्यांची गाणी एवढी गाजली, त्यांच्या ध्वनिमुद्रिका दुर्लक्षित कशा राहिल्या? आमच्या मते त्याची चार कारणे आहेत.

पहिले कारण तबकडीच्या पाठीचे. त्या काळी लहान तबकडीच्या दोन बाजूंवर दोन गाणी असत. रेडिओवर दर्शनी बाजूच वाजे, पाठीमागची कोणी ऐकत नसे. ‘रॅग डॉल’च्या पाठीवर ‘सायलेन्स इज गोल्डन’ हे गाणे होते. १९६७ साली ‘ट्रेमेलोज’ या इंग्रज गायकवृंदाने तेच गाऊन ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळविला. व्हॅलीने १९६५ साली एकट्याने गायिलेले ‘द सन एन्ट गॉना शाईन’ पडले. १९६६ साली ‘वॉकर ब्रदर्स’नी ते गाऊन ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक पटकाविला. १९६५ चे ‘बाय बाय बेबी’ अमेरिकेत बाराव्या स्थानावर थांबले. दहा वर्षांनी ‘बे सिटी रोलर्स’नी तेच ब्रिटनमध्ये पहिल्या स्थानी नेले. तात्पर्य, मालात खोट नव्हती. माल कोणी, कोठे आणि केव्हा मांडला, यावर सारे अवलंबून होते.

दुसरे कारण म्हणजे ओळखीचा तुरुंग. व्हॅलीचा उंच स्वर ऐकला की लोक म्हणत, ‘हे तर ते शेरीवाले.’ त्यापलीकडे त्यांच्याकडून कोणी काही अपेक्षिले नाही. या चौकडीनेही एकदा याची गंमत केली. बॉब डिलनचे एक गंभीर गाणे त्यांनी मुद्दाम विचित्र, बारीक आवाजात गायिले व १९६५ साली ‘द वंडर हू?’ या टोपणनावाने बाजारात आणले. ते बाराव्या क्रमांकापर्यंत गेले! नाव झाकले तरी गाणे चालते, हे सिद्ध झाले. पण नाव उघडे असताना नवे काही केले, तर मात्र लोक ऐकावयास तयार नव्हते.

तिसरे कारण काळाचे. १९६७ नंतर अमेरिकेतील वातावरण पार बदलले. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात व्हॅलीचे ‘कान्ट टेक माय आईज ऑफ यू’ हे प्रेमगीत क्रमवारीत दुसऱ्या स्थानी होते. आणि त्याच महिन्यात त्याचे जन्मगाव न्यूआर्क जळत होते. पोलिसांनी एका कृष्णवर्णीय टॅक्सीचालकास मारहाण केल्यावरून उसळलेल्या त्या दंगलीत २६ माणसे मेली. पुढच्याच वर्षी, ४ एप्रिल १९६८ रोजी, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. अशा काळात कोटटाय घालून प्रेमगीते गाणाऱ्या चौकडीकडे विचारी तरुण पाठ फिरविणार, हे उघड होते.

चौथे कारण मालकीचे. गाणे गायकाचे, चाल संगीतकाराची, पण ज्या फितीवर ते मूळ मुद्रित होते ती मूळ ध्वनिफीत बहुधा कंपनीची. कंपनीने ती कपाटात ठेवली, तर गायक काहीही करू शकत नाही. या कारणाचा फटका त्यांना कसा बसला, ते पुढे येईलच.

वर्तमानपत्राच्या वेष्टनातील ध्वनिमुद्रिका

बदललेल्या काळाला उत्तर देण्याचा प्रयत्न गॉडिओने प्रामाणिकपणे केला. जेक होम्स या तरुण गीतकाराला बरोबर घेऊन त्याने एक संपूर्ण मोठी ध्वनिमुद्रिका रचली. जानेवारी १९६९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नाव ‘जेन्युइन इमिटेशन लाईफ गॅझेट’, म्हणजे ‘अस्सल नकली जीवनाचे वार्तापत्र’. वेष्टन थेट वर्तमानपत्रासारखे, त्यावर बातम्या, मथळे, आणि आत वाचण्यास पुरवणीही! वर्तमानपत्राच्या रूपातील वेष्टनाची ही कल्पना पुढे १९७२ साली ‘जेथ्रो टल’ व जॉन लेनन यांच्या ध्वनिमुद्रिकांवरही दिसली.

आत काय आहे? प्रेमगीते जवळजवळ नाहीतच. आरंभीचेच दीर्घ गीत अमेरिकेच्या सामाजिक दुखण्यावर आहे. प्रतिष्ठित बायकांच्या बागेतील कुचाळक्यांवर एक गीत आहे. ‘सॅटरडेज फादर’ हे गीत घटस्फोटानंतर केवळ शनिवारी मुलांना भेटावयास येणाऱ्या बापाविषयी आहे. लहान मुलांच्या दृष्टीतून तो बाप दिसतो. गाणे ओरडत नाही, रडत नाही, आणि म्हणूनच काळजाला भिडते. व्हॅलीचा उंच स्वर येथे जपून वापरलेला आहे. चौघांचे स्वर एकमेकांत विरघळून जातात, भोवती वाद्यवृंदाचे पडदे उभे राहतात.

परिणाम काय झाला? बिलबोर्डच्या क्रमवारीत ती ८५ व्या स्थानापलीकडे गेली नाही. जुन्या चाहत्यांना त्यात ‘शेरी’ सापडेना. नव्या तरुणांनी वेष्टनावरचे नाव पाहूनच ती खाली ठेवली. म्हणजे ज्यांना आवडली असती त्यांनी ऐकली नाही, आणि ज्यांनी ऐकली त्यांना हवी होती ती ही नव्हे!

आम्ही ही ध्वनिमुद्रिका संपूर्ण, अनेकदा ऐकली आहे. ती निर्दोष आहे, असे आम्ही म्हणणार नाही. काही ठिकाणी ती लांबते, काही ठिकाणी मोठे बोलण्याच्या नादात जड होते, आणि एका गीतावर बीटल्सची छाया स्पष्ट आहे. दुर्लक्षित असते ते सर्वच थोर असते, असा भाबडा समज विद्यार्थ्यांनी करून घेऊ नये. परंतु ‘सॅटरडेज फादर’सारखी गाणी पन्नास वर्षांहून अधिक काळ उलटल्यावरही शिळी झालेली नाहीत, हेही तितकेच खरे. याच गॉडिओ-होम्स जोडीने १९७० साली फ्रँक सिनात्रा या थोर गायकासाठी ‘वॉटरटाऊन’ ही ध्वनिमुद्रिका रचली. बायको सोडून गेलेल्या, लहान गावातील एका सामान्य माणसाची ती कथा. तीही त्या वेळी १०१ व्या स्थानावर अडखळली. आज मात्र सिनात्राच्या जाणकार चाहत्यांत तिला मानाचे स्थान आहे.

कपाटात राहिलेल्या फिती

१९७० नंतर चौकडी मोडकळीस आली. मॅसी १९६५ सालीच बाहेर पडला होता. १९७० साली डिव्हिटो गेला. पुढे गॉडिओने रंगमंचावर गाणे थांबवून पडद्यामागचे काम पत्करले. त्यातच व्हॅलीला कानाचा विकार जडला होता. कानातील हाड कठीण होऊन ऐकू येणे हळूहळू कमी होण्याचा तो विकार. १९६७ च्या सुमारास त्याची सुरुवात झाली आणि पुढील काही वर्षे हा गायक बव्हंशी आठवणीच्या आधारे गात होता. शस्त्रक्रियांनी त्याचे ऐकणे पूर्ववत होण्यास १९८० साल उजाडले.

अशा स्थितीत ते ‘मोटाउन’ या प्रसिद्ध कंपनीकडे गेले. १९७२ साली तिच्या ‘मोवेस्ट’ या शाखेने त्यांची ‘कमेलियन’ ही ध्वनिमुद्रिका काढली. ती क्रमवारीत आलीच नाही. १९७४ साली कंपनीने त्यांना निरोप दिला. तेव्हा आपल्या सर्व मूळ ध्वनिफिती विकत घ्याव्यात, असे व्हॅलीने ठरविले. पण किंमत ऐकून तो विचार सोडावा लागला. अखेर त्याने चार हजार डॉलर मोजून एकच गाणे सोडवून घेतले, ‘माय आईज अडोर्ड यू’. स्वतः गायिलेले गाणे स्वतः पैसे देऊन सोडवून आणणे, याला काय म्हणावे? गहाण पडलेला डाग सोडवून आणण्यासारखेच हे. ते गाणे घेऊन तो ‘प्रायव्हेट स्टॉक’ या नव्या, लहान कंपनीकडे गेला. मार्च १९७५ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ज्या गाण्याचे मोठ्या कंपनीला मोल वाटले नव्हते, त्याने व्हॅलीला पुन्हा उभे केले.

गिरणगावच्या मुलांनी काढलेला शोध

याच सुमारास, समुद्रापलीकडे, एक विलक्षण गोष्ट घडत होती. उत्तर इंग्लंडमधील मँचेस्टर, विगन, ब्लॅकपूल ही गावे घ्या. कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी, कारखाने यांचा हा मुलूख. तेथील कामगारांची मुले शनिवारी रात्री नाचघरात जमत आणि रविवारच्या सकाळपर्यंत नाचत. विगन येथील ‘कॅसिनो’ नावाचे नाचघर १९७३ ते १९८१ या काळात यासाठी प्रसिद्ध होते. तेथे दारू मिळत नसे. पाय सरकावा म्हणून जमिनीवर टाल्कम पावडर टाकीत.

या मुलांचा एक हट्ट होता. गाजलेले गाणे त्यांना नको असे. अमेरिकेत साठच्या दशकात निघालेल्या, न खपलेल्या, कोणाला ठाऊक नसलेल्या जलद लयीच्या ध्वनिमुद्रिका ते शोधीत. अमेरिकेतील गोदामांत पडलेले गठ्ठे तबकडी विक्रेते चाळून काढीत. एखादी दुर्मीळ तबकडी सापडली की वाजविणारा तिच्यावर खोटे लेबल चिकटवी, म्हणजे दुसऱ्याला नाव कळू नये! ही गाणी बहुतांशी कृष्णवर्णीय गायकांची असत. डेव्ह गॉडिन या लेखक-दुकानदाराने या प्रकाराला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिले.

त्याच नाचघरांनी फोर सीझन्सला दुसरे जीवन दिले. व्हॅलीचे १९६६ चे पडलेले ‘यू आर रेडी नाऊ’ ब्रिटनमध्ये पुन्हा काढावे लागले आणि १९७१ साली ते अकराव्या स्थानावर गेले. ‘कमेलियन’मधील ‘द नाईट’ हे गाणे तर मोटाउनने जवळजवळ विसरून टाकले होते. खर्जाच्या वाद्याची सावध सुरुवात, मग हळूहळू चढत जाणारा ताण, आणि त्यावर व्हॅलीचा सावधगिरीचा इशारा देणारा आवाज. विगनच्या मुलांनी ते उचलून धरले. मागणी एवढी वाढली की, कंपनीला ते पुन्हा काढावे लागले, आणि १९७५ साली ब्रिटनमध्ये ते सातव्या स्थानी पोहोचले. जे गाणे तज्ज्ञांच्या कार्यालयात नापास झाले, ते कारखान्यात दिवसभर घाम गाळणाऱ्या मुलांनी उत्तीर्ण केले! चांगल्या-वाईटाची पारख ही केवळ वरच्या खुर्चीवर बसलेल्यांची मक्तेदारी नाही, हे यावरून दिसून येते.

त्यानंतरचे वारस

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९७६ साली ‘डिसेंबर १९६३’ हे त्यांचे गाणे अमेरिका व ब्रिटन दोन्ही ठिकाणी पहिले आले. बेन लीब्रँड या डच कलावंताने त्याला नवा साज दिल्यावर १९९४ साली ते अमेरिकेच्या क्रमवारीत पुन्हा शिरले. १९९० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये चौकडीचा समावेश झाला. नोव्हेंबर २००५ मध्ये त्यांच्या जीवनावरील ‘जर्सी बॉईज’ हे संगीत नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. २००६ साली त्याला सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा टोनी पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०१७ मध्ये पडदा पडेपर्यंत त्याचे ४,६४२ प्रयोग झाले. २०१४ साली क्लिंट ईस्टवुड यांनी त्यावर चित्रपट काढला.

आता ‘बेगिन’कडे येऊ. १९६७ साली हे गाणे अमेरिकेत १६ व्या स्थानापर्यंत जाऊन थांबले होते. २००७ साली पिलूस्की या फ्रेंच कलावंताने मूळ मुद्रणालाच नवी मांडणी दिली. त्याच सुमारास नॉर्वेतील ‘मॅडकॉन’ या जोडीने ते नव्याने गायिले. हे दोघेही आफ्रिकेतून आलेल्या स्थलांतरितांचे पुत्र. त्यांचे गाणे २००८ साली ब्रिटनमध्ये पाचव्या स्थानी गेले. २०१७ साली मानेस्किनने ते इटलीत गायिले, आणि २०२१ साली मोबाईलवरील लहान चित्रफितींतून ते जगभर पसरून अमेरिकेत १३ व्या स्थानी आले, म्हणजे मूळ गाण्याच्याही तीन पायऱ्या वर! न्यूआर्कहून निघालेले गाणे पॅरिस, ऑस्लो, रोम असा प्रवास करीत आमच्या शाखेतील टेबलावरच्या मोबाईलपर्यंत पोहोचले. सहकाऱ्याच्या प्रश्नाचे हे उत्तर. गाणे कोठेही गेले नव्हते. ते खात्यात होते.

२०२३ साली या चौकडीच्या ध्वनिमुद्रणांचा ४४ सीडींचा भव्य संच प्रसिद्ध झाला. निक मॅसी २००० साली, बॉब क्रू २०१४ साली व टॉमी डिव्हिटो २०२० साली निवर्तले. ३ मे २०२४ रोजी, नव्वदाव्या वाढदिवशी, व्हॅलीच्या नावाचा तारा हॉलिवूडच्या प्रसिद्ध पदपथावर बसविण्यात आला, आणि २०२५ साली त्याला ग्रॅमीचा जीवनगौरव सन्मान मिळाला.

कसे ऐकावे?

ज्यांना हे प्रत्यक्ष ऐकावयाचे आहे, त्यांनी आमच्या मते पुढील क्रम धरावा. प्रथम ‘शेरी’ ऐकावे, म्हणजे मूळ ओळख पटेल. नंतर ‘सायलेन्स इज गोल्डन’ ऐकून चार आवाज वेगवेगळे ओळखण्याचा प्रयत्न करावा. एका वेळी एकाच आवाजाचा माग घ्यावा. मग ‘बेगिन’चे मूळ मुद्रण व मानेस्किनचे, दोन्ही शेजारी ठेवून ऐकावीत. त्यानंतर ‘द नाईट’. आणि शेवटी, एखाद्या शांत रात्री, ‘गॅझेट’ आरंभापासून शेवटपर्यंत. मध्ये मोबाईल हाती घेऊ नये. न कळले तर आठ दिवसांनी पुन्हा ऐकावे.

समारोप

या साऱ्यातून आम्हांस तीन गोष्टी शिकावयास मिळाल्या. एक, कागद जपावा. आपल्या श्रमाची मालकी कोणाकडे आहे, हे सही करण्यापूर्वी वाचावे. नाहीतर स्वतःचेच गाणे चार हजार डॉलर देऊन सोडवावे लागते. दुसरी, विश्वासही जपावा. कमाई निम्मी-निम्मी वाटून घेण्याचा करार व्हॅली व गॉडिओ यांनी तरुणपणी केवळ हस्तांदोलनावर केला, आणि तो त्यांनी आयुष्यभर पाळला. कागद नसलेला एवढा पक्का करार आम्ही बँकेत कधी पाहिला नाही! तिसरी, मूळ वस्तू जपावी. फिती कपाटात का होईना, राहिल्या, म्हणून वारसांना मिळाल्या. त्या कोणी रद्दीत टाकल्या असत्या, तर विगनची मुले काय शोधणार होती, आणि मानेस्किन काय गाणार होते?

वाचकहो, आपल्याही घरी माळ्यावरच्या पेटीत जुन्या कॅसेट असतील. कोणाच्या मामांनी कार्यक्रमात गायिलेले गाणे असेल, कोणाच्या आजीचा आवाज असेल. फीत ओलसर जागेत ठेवली की तिला बुरशी चढते, आणि एकदा तुटली की तो आवाज परत येत नाही. येत्या रविवारी ती पेटी खाली काढावी, प्रत्येक कॅसेटवर नाव व साल लिहावे, आणि घरातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाकडून त्याची प्रत करून घ्यावी, एवढीच नम्र विनंती. खाते निष्क्रिय असले तरी चालेल. ते बंद मात्र होऊ देऊ नये.